ऑस्ट्रसाइझ: बहिष्कार की वाळीत टाकणं?

'ऑस्ट्रसाइझ' आणि 'बॉयकॉट' या दोन्हींचा अर्थ 'बहिष्कार घालणे' असेल, तर कुठे कोणतं क्रियापद वापरायचं, असा प्रश्न आहे. 'ऑस्ट्रसाइझ'साठी 'बहिष्कार' हा शब्द बाजूला ठेवा आणि 'वाळीत टाकणे' धरा. वाळीत माणूस पडतो, वस्तू नाही. आणि टाकणारा एकटा नसतो, जमाव असतो. इंग्रजी क्रियापदालाही नेमक्या याच दोन अटी आहेत.

त्याचं मूळ खापरात आहे. ग्रीक भाषेत खापराच्या तुकड्याला 'ऑस्ट्राकॉन' म्हणत. इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्सचे नागरिक डोईजड झालेल्या पुढाऱ्याचं नाव अशा तुकड्यावर कोरून मत देत. किमान ६००० खापऱ्या जमल्या, तर सर्वाधिक मतं पडलेल्याला १० वर्षं शहर सोडावं लागे. आरोप नाही, खटला नाही. मालमत्ता आणि नागरिकत्व मात्र शाबूत राही. १९३७ साली अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या उतारावरच्या एका विहिरीत जवळपास १९० खापऱ्या सापडल्या. बहुतेक सगळ्यांवर थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याचं नाव, पण अक्षर मोजक्याच हातांचं. म्हणजे नाव आधीच कोरून त्या वाटण्यासाठी तयार ठेवल्या असाव्यात. गुन्हा सिद्ध न करता जमावाने ठरवून एकाला बाहेर काढणं, ही छटा क्रियापदात आजही आहे. शहर सोडण्याचा भाग तेवढा गळला: ऑस्ट्रसाइझ झालेला माणूस त्याच गावात, त्याच ऑफिसात असू शकतो, फक्त त्याच्याशी कोणी बोलत नाही. देशाबाहेर घालवला असेल, तर 'एक्झाइल' म्हणा.

वापर बहुधा कर्मणी असतो: 'शी वॉज ऑस्ट्रसाइझ्ड बाय हर कम्युनिटी फॉर मॅरीइंग आउटसाइड द कास्ट.' कोणी टाकलं ते 'बाय'ने, कारण 'फॉर'ने. जोर पहिल्या 'ऑस्'वर.

चुका होतात त्या कर्म निवडताना. निवडणूक, परीक्षा, परदेशी माल यांच्यासाठी 'बॉयकॉट'च. (तो शब्द १८८०मध्ये आयर्लंडच्या शेतकऱ्यांनी जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्याशी सगळे व्यवहार तोडले तेव्हाचा, म्हणून माणसालाही लागतो, 'ऑस्ट्रसाइझ' मात्र वस्तूला लागत नाही.) एकट्या मैत्रिणीने अबोला धरला, तर 'ऑस्ट्रसाइझ' जड होतं, तिथे 'इग्नोअर' पुरे.

भाषांतर करणाऱ्यांनी आणखी एक जपावं. महाराष्ट्राच्या २०१६च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याच्या इंग्रजी नावात 'सोशल बॉयकॉट' आहे. तक्रारीत किंवा अर्जात तोच शब्द ठेवा. बातमीत 'गावाने कुटुंबाला वाळीत टाकलं' असेल, तर 'द व्हिलेज ऑस्ट्रसाइझ्ड द फॅमिली'.