‘फोर्स मेज्यूर’ : दैवी आपत्ती, अपरिहार्य कारण की अस्मानी-सुलतानी?

प्रश्न असा आहे : एका विनाअनुदानित शाळेच्या इंग्रजी नेमणूक-करारात ‘फोर्स मेज्यूर’ नावाचे, म्हणजे ताब्याबाहेरच्या संकटात करारातल्या जबाबदारीतून सूट देणारे, कलम आहे. मराठी मसुद्यात कुणी ‘दैवी आपत्ती’ लिहिले, कुणी ‘अपरिहार्य परिस्थिती’. यांतले बरोबर कोणते? आणि या कलमाखाली पगार थांबवता येतो का?

दोन्ही प्रतिशब्द अडचणीचे आहेत, पण त्यांच्या अडचणी उलट दिशांच्या आहेत. एक फार अरुंद, दुसरा फार सैल.

मूळ शब्द फ्रेंच. अर्थ ‘वरचढ शक्ती’, जिच्यापुढे करार करणाऱ्याचे काही चालत नाही. (सैन्यातल्या मेजरशी संबंध लावून ‘फोर्स मेजर’ लिहिले जाते, ते टाळावे.) फ्रान्सच्या नागरी संहितेत २०१६च्या सुधारणेनंतर १२१८व्या अनुच्छेदात याच्या तीन कसोट्या दिल्या आहेत. घटना आपल्या ताब्याबाहेरची हवी, करार करताना तिचा अंदाज येणे शक्य नसलेली हवी आणि योग्य उपाय करूनही तिचे परिणाम टाळता न येणारे हवेत. मराठी शब्दाने या तिन्हींचा भार पेलायला हवा.

‘दैवी आपत्ती’त पूर, भूकंप, वीज, वादळ येते. शाळा बंद ठेवण्याचा सरकारी आदेश, संचारबंदी, दंगल येत नाही, कारण त्यांत देवाचा हात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली धनराजमल गोबिंदराम खटल्यात, कापसाच्या सौद्याच्या निमित्ताने, ‘फोर्स मेज्यूर’ ही कल्पना ‘देवाच्या करणी’हून व्यापक असल्याचे म्हटले आहे. म्हणजे ‘दैवी आपत्ती’ लिहिले की मूळ कलमाचा अर्धा भाग गळाला.

‘अपरिहार्य’चे दुखणे वेगळे. कोशातला अर्थ चोख आहे, टाळता न येणारे. पण सूचनाफलकांनी या शब्दाची रया घालवली. ‘अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम रद्द’ वाचून वक्ता आला नाही, हॉल मिळाला नाही की तिकिटे खपली नाहीत, हे कुणी विचारत नाही. करारात हा शब्द व्याख्येविना आला की व्यवस्थापन त्यात ‘फी जमा झाली नाही’ हेही बसवू पाहते. ‘अनिवार्य’ तर नकोच. ‘निवारता न येणारे’ हा त्याचा मूळ अर्थ मागे पडून आज तो ‘सक्तीचे’ या अर्थी चालतो, आणि ‘अनिवार्य परिस्थिती’ वाचणारा क्षणभर बुचकळ्यात पडतो. हिंदी मसुद्यांतून येणाऱ्या ‘अप्रत्याशित’मध्ये फक्त ‘अनपेक्षित’ एवढेच उरते. अनपेक्षित गोष्टी रोज घडतात. म्हणून करार थांबत नाहीत.

गंमत म्हणजे नेमका अर्थ सांगणारी जोडी मराठीत आधीपासून आहे : अस्मानी-सुलतानी. अस्मानी म्हणजे आभाळातून कोसळलेले, सुलतानी म्हणजे राजसत्तेकडून ओढवलेले. अवर्षण आणि टाळेबंदी, दोन्ही तीत मावतात. फक्त आजच्या करारात हा शब्द वाङ्मयीन वाटेल आणि रोगाची साथ नेमकी कोणत्या बाजूला टाकायची यावर वाद होईल. म्हणून माझी पसंती ‘नियंत्रणाबाहेरील आपत्ती’ या साध्या शब्दाला, आणि त्याच्या खाली व्याख्या. शब्दापेक्षा व्याख्येवर जास्त शाई खर्चावी.

व्याख्येत सर्वांत धोक्याचा शब्द ‘तत्सम’. ‘पूर, भूकंप, साथीचा रोग व तत्सम कारणे’ लिहिले तर यादीशी सजातीय कारणेच धरली जातात. ‘किंवा अन्य कोणतेही कारण’ लिहिले तर दार सताड उघडे. कर्मचाऱ्याच्या बाजूने ‘तत्सम’ बरा. ‘इत्यादी’ दोघांनीही टाळावा, कारण तो ना अरुंद ना रुंद.

आता पगाराचे. करारांविषयीच्या आपल्या मूळ कायद्यात ‘फोर्स मेज्यूर’ हा शब्दच नाही. त्या कायद्यातली, म्हणजे भारतीय संविदा (करार) अधिनियम, १८७२ मधली, दोन कलमे कामाला येतात. करारात तशी तरतूद असेल तर कलम ३२, नसेल तर कलम ५६, म्हणजे जे करणे अशक्य ठरले तो करार शून्य. (इथले ‘शून्य’ म्हणजे रद्दबातल.) २०१७च्या एनर्जी वॉचडॉग निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की करार पाळणे महाग किंवा जिकिरीचे झाले, एवढ्याने तो विफल होत नाही. पगार देणे जड जाणे आणि पगार देणे अशक्य होणे यांत फरक आहे. फीची वसुली घटणे पहिल्या प्रकारात मोडते.

टाळेबंदीत मे २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तुळजाभवानी मंदिराच्या कंत्राटी कामगारांच्या बाबतीत ‘काम नाही तर दाम नाही’ हे तत्त्व त्या असाधारण परिस्थितीत लावता येणार नाही, असा अंतरिम आदेश दिला. जेवण आणि प्रवासाचे भत्ते तेवढे वगळले. शाळांना हा आदेश जसाच्या तसा लागू होत नाही, पण विचाराची दिशा कळते.

मान्यताप्राप्त खासगी शाळेच्या बाबतीत करारातल्या कलमावर आणखी एक कुलूप आहे : महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. अनुदान असो वा नसो, तो लागू होतो. कलम ४(६) प्रमाणे अधिनियम आणि नियम सोडून सेवासमाप्ती करता येत नाही. तुकड्या किंवा पट घटल्याने कायम कर्मचारी अतिरिक्त ठरला तर १९८१च्या नियमावलीतला नियम २६ पाळावा लागतो. त्यात तीन महिन्यांची नोटीस, ज्येष्ठतेचा क्रम आणि शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. तात्पुरत्या कर्मचाऱ्याला नियम २८ प्रमाणे एका महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन. ‘आपत्तीमुळे सेवा आपोआप संपुष्टात’ असे करारात लिहून हे टप्पे ओलांडता येत नाहीत. बडतर्फी किंवा सेवासमाप्तीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणात अपील करायची मुदत ३० दिवस आहे. आदेशाची तारीख नोंदवून ठेवावी.

‘फोर्स मेज्यूर’ कलमाचा खरा फटका बसतो तो तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना. तास झाला नाही की मानधन नाही, मग सेवा चालू राहूनही हातात काही येत नाही. त्यांच्या करारात ऑनलाइन घेतलेला तास ‘घेतलेला तास’ धरला जाईल, हे वेगळे लिहून घ्यावे.

मसुद्याचा नमुना असा चालेल : ‘पूर, भूकंप, आग, साथीचा रोग, दंगल किंवा शाळा बंद ठेवण्याचा सक्षम प्राधिकाऱ्याचा आदेश, अथवा तत्सम आपत्ती, जी संबंधित पक्षाच्या नियंत्रणाबाहेरची आहे व वाजवी खबरदारी घेऊनही टाळता आली नसती, तिच्यामुळे जबाबदारी पार पाडता न आल्यास ती आपत्ती असेपर्यंत त्या पक्षाकडून करारभंग झाला असे मानले जाणार नाही. आपत्ती ओढवल्यापासून सात दिवसांत लेखी कळवणे बंधनकारक राहील. आर्थिक चणचण ही या कलमाखाली आपत्ती मानली जाणार नाही. या काळात कर्मचाऱ्याने दूरस्थ पद्धतीने काम केल्यास पूर्ण वेतन देय राहील.’

सात दिवस हा आकडा वाटाघाटीचा आहे, कमीजास्त करता येईल. ‘आर्थिक चणचण’चे वाक्य मात्र सोडू नये. व्यवस्थापनाचा वकील आधी तेच खोडायला सांगेल.

शेवटी एक बारकी बाब. कायद्याच्या मराठीत ‘कलम’ अधिनियमातले, ‘नियम’ नियमावलीतला आणि ‘खंड’ हा कलमाचा पोटभाग. करारातल्या तरतुदीला सगळे ‘कलम’च म्हणतात आणि ते रूढ आहे, पण एकाच मसुद्यात अधिनियमाचा उल्लेखही असेल तर आपल्या तरतुदीला ‘शर्त क्र. १२’ म्हणावे. नाहीतर ‘कलम ९ नुसार’ म्हणजे करारातले की १९७७च्या अधिनियमातले, जे अपिलाचे आहे, असा घोळ होतो.