अमेरिकेच्या कॅपिटॉल या संसदेच्या इमारतीत देशाचा भूविस्तार दाखवणारी चित्रे आहेत, त्यांतले नीट पाहावे असे कोणते?

माझे उत्तर: इमान्युएल लॉइट्झेचे पश्चिमेकडच्या वाटचालीचे भित्तिचित्र. प्रतिनिधिगृहाच्या बाजूच्या पश्चिम जिन्यावर ते आहे, 20 फूट उंच आणि 30 फूट रुंद. नकाशांची चित्रेही त्या बाजूच्या एका दालनमार्गात आहेत, 1993-94 मध्ये रंगवलेली. पण नकाशात माणसे दिसत नाहीत. लुइझियाना 1803 साली फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरना घेतला, अलास्का 1867 साली रशियाकडून 72 लाखांना, एवढे कळते. तिथे आधीपासून राहणाऱ्यांना कोणी विचारले का, हे नकाशा सांगत नाही.

लॉइट्झे जन्माने जर्मन. 1861 मध्ये, यादवी युद्ध पेटलेले असताना, त्याला 20,000 डॉलरचे हे काम मिळाले आणि डोंगर डोळ्यांनी पाहावेत म्हणून तो कोलोरॅडोपर्यंत जाऊन आला. ते जाणे चित्रात दिसते. बैलगाड्या खिंड चढताहेत, दमलेली कुटुंबे थबकून पुढे पाहताहेत, कुणी कड्यावर झेंडा घेऊन चढतोय. खालच्या लांबट पट्टीत त्यांचे मुक्कामाचे ठिकाण, सॅन फ्रान्सिस्कोचे गोल्डन गेट, म्हणजे तिथल्या खाडीचे तोंड.

मी या चित्राच्या प्रतिमा अनेकदा मोठ्या करून पाहिल्या आहेत, आणि दरवेळी नजर काठाकडे जाते. मूळ रहिवासी मुख्य दृश्यात नाहीतच. ते आहेत भोवतालच्या नक्षीत, वेलबुट्टीच्या आडोशाला. पुढचा मुलूख ओसाड असावा असेच दृश्य वाटते. कॅलिफोर्निया 1848 पर्यंत मेक्सिकोचा होता, युद्ध हरल्यावर त्यांच्या हातून गेला, याचा इथे मागमूस नाही. तो हवा असेल तर मधल्या घुमटाखाली जा. जमिनीपासून 58 फुटांवरच्या चित्रपट्ट्यात अमेरिकी सैन्य मेक्सिको शहरात शिरताना रंगवले आहे.

तरीही लॉइट्झेला मी सरसकट दोष देणार नाही. चित्राच्या पुढच्या भागात एक कृष्णवर्णीय तरुण आहे. खेचरावर गोरी बाई आणि तिचे मूल बसले आहे, आणि लगाम त्याच्या हातात आहे. आधीच्या कच्च्या आराखड्यात तो नव्हता. चित्राचे काम चालू असतानाच, एप्रिल 1862 मध्ये, वॉशिंग्टन शहरातली गुलामगिरी कायद्याने संपली. जिन्यावर उभे राहिलात तर आधी त्याला शोधा.