कोरोनात मैदानं बंद असताना मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचे चाहते क्लबशी जोडलेले कसे राहिले?

नेरूळमधून लिहितोय. बहुतेक टीव्ही आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या जिवावर. २०२०-२१ची अख्खी आयएसएल (इंडियन सुपर लीग, देशातली फुटबॉल लीग) गोव्यात, बायो-बबलमध्ये, म्हणजे संघांना बाहेरच्यांपासून वेगळं ठेवून झाली: फातोर्डा, बांबोळी, वास्को. त्यामुळे वडाळ्याला गाडी बदलून अंधेरीचं घरचं मैदान गाठायचा प्रश्नच नव्हता. (क्लबचे पहिले दोन मोसम ते आमच्या दारात, डी. वाय. पाटीलला होतं. असो.)

मैदानातल्या मोठ्या पडद्यांवर घरी बसलेले चाहते दाखवायचे. मला ते लग्नाच्या व्हिडिओ कॉलसारखं वाटायचं. खरी धमाल ग्रुपवर. कुणाचं प्रक्षेपण काही सेकंद पुढे, कुणाचं मागे. मोबाइलवर बघणाऱ्याला गोल आधी मेसेजमधूनच कळायचा, मग शिव्या. शेवटी नियम केला: रीप्ले येईपर्यंत कुणी टाइप करायचं नाही. १३ मार्च २०२१ला अंतिम सामन्यात बिपिन सिंगने ९०व्या मिनिटाला एटीके मोहन बागानवर २-१ केलं, तेव्हा तो नियम कुणीही पाळला नाही. साखळीत पहिलं येणाऱ्याची लीग शील्ड आधीच आली होती, आता कपही. दोन्ही पहिल्यांदाच, आणि सेलिब्रेशन काय तर सोसायटीच्या गच्चीवर मास्क लावून चारपाच जण!