कंसातलं वाक्य

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून एका आईचं पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात देते.

"ताई, माझा मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा आहे. हाक मारली तर वळून बघत नाही, पण टीव्हीवर जाहिरात लागली की आतल्या खोलीतून धावत येतो. डब्यांची झाकणं गरगर फिरवत तासभर बसतो. अंगणवाडीतल्या बाय म्हणाल्या, एकदा दाखवून घ्या. सासूबाई म्हणतात, ह्याचा बाप चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, मुलगे उशिराच बोलतात. तू चांगल्या पोरावर शिक्का मारून आणशील. त्यांनी वेखंड आणून ठेवलंय. नवरा तारवार, म्हणजे बोटीवर नोकरीला असतो. तो म्हणतो, मी आलो की बघू. त्याला यायला पाच महिने आहेत. घरात कोकणी, मी गोष्टी सांगते मराठीत, टीव्ही हिंदी. त्यानेच पोर गोंधळलं असेल का? थांबू की जाऊ? (सव्वा वर्षाचा असताना 'माऊ', 'टाटा', 'बाबा' म्हणायचा. आता म्हणत नाही.)"

अगो, जा. ह्या आठवड्यात जा.

दोन पानी पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू शेवटी, कंसात लिहिलीस. उशिरा बोलणं एक आणि आलेले शब्द जाणं वेगळं. पहिल्या बाबतीत डॉक्टर कधी कधी थोडं थांबून बघू म्हणतात. दुसऱ्या बाबतीत कुठल्याही वयात थांबायचं नसतं. ह्याचा अर्थ काहीतरी भयंकर आहे असा नाही. मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून मुलाची परीक्षा कुणीच करू शकत नाही. पण पाच महिने ह्या वयात फार मोठे असतात. तुझ्या मुलाच्या आजवरच्या आयुष्याचा तो जवळजवळ सहावा हिस्सा झाला. मेंदूची घडण सगळ्यात जोरात चालते ती पहिल्या तीनेक वर्षांत, म्हणून तर लवकर मदत सुरू करा असा सगळ्यांचा धोशा असतो.

थांबण्याबद्दल मी इतकं ठासून का बोलते, तेही सांगते. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी पावणेदोन वर्षांची होती, बोलत नव्हती. बहीण रडायला आली, तेव्हा मीच तिला म्हटलं, "शाळेत गेली की पोपटासारखी बोलेल, उगीच डोकं पिकवू नको." कुकरची शिट्टी झाली की मुलगी दचकायची, म्हणून तिचे कान खणखणीत आहेत असं आम्ही धरूनच चाललो होतो. चार वर्षांची होत आली तेव्हा कळलं, तिला मोठे आवाज ऐकू यायचे, बोलण्यातले बारीक आवाज यायचेच नाहीत. आज ती कानाला यंत्र लावून कॉलेजला जाते, छान बोलते. पण ती दोन वर्षं मी खाल्ली, हे मला ठाऊक आहे.

तेव्हा सगळ्यात आधी कान. जाहिरात ऐकून धावत येतो, म्हणजे ऐकू येतंच असेल असं धरून बसू नको. ह्या वयात कानाची खरी तपासणी बेरा नावाची असते. डोक्याला छोट्या पट्ट्या चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचतंय ते यंत्रावर बघतात. त्यासाठी मूल झोपलेलं लागतं, आणि इथेच निम्म्या आयांची फेरी फुकट जाते. बसमध्ये पोर मस्त झोपतं आणि नेमकं तिथे पोचल्यावर टक्क जागं. म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपव, सकाळी लवकर उठव, आणि वाटेत काय वाट्टेल ते करून त्याला जागा ठेव. झोपेचं औषध देतात का, उपाशी आणायचं का, हे तारीख घेतानाच विचारून घे.

कुठे जायचं? अंगणवाडीतल्या बायनाच आधी धर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतल्या मुलांना तपासतं, आणि वाढीतला विलंब हा त्या तपासणीचा एक ठरलेला भाग आहे. २०१३ पासून हा कार्यक्रम चालू आहे, त्यातली तपासणी आणि पुढचे उपचार फुकट असतात. पण पथक येईपर्यंत थांबू नको, अंगणवाडीतल्या बायकडून चिठ्ठी मिळाली तर घे आणि सुट. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात, ज्याला आपण अजून आझिलोच म्हणतो, बालरोग विभागात जाऊन 'अर्ली इंटरव्हेन्शन'साठी, म्हणजे लहान वयातच सुरू करायच्या मदतीसाठी, कुठे जायचं ते विचार. कानासाठी बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ आहे. पर्वरीला 'सेतू' ही मुलांच्या विकासासाठीच काम करणारी संस्था आहे. तारीख लांबची मिळाली तरी घेऊन ठेव.

जाताना फोनवर तीन-चार छोटे व्हिडिओ घेऊन जा. झाकणं फिरवतानाचा, हाक मारल्यावरचा, जेवतानाचा, आणि जुना 'माऊ' म्हणतानाचा असेल तर तो तर नक्कीच. डॉक्टरांसमोर मुलं एकतर रडतात नाहीतर एकदम गुणी बाळ होतात. लसीकरणाचं कार्डही घे. आणि घरी त्याची तयारी करून घेऊ नको गो, ही काही तोंडी परीक्षा नाही.

भाषेचं ओझं मात्र मनावरून काढून टाक. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल मुकं होत नाही. तसं असतं तर अख्ख्या गोव्यात कुणी बोललंच नसतं. कोकणी बोल, गोष्टी मराठीत सांग, जी तुझ्या तोंडात सहज येते ती. कुणी म्हणेल आता फक्त इंग्लिशच बोला, पुढे शाळेला बरं. ऐकू नको. तुटक इंग्लिशमधून आई मुलाशी खेळू शकत नाही.

टीव्हीचं तसं नाही. टीव्हीने त्याला हे झालं असं मी म्हणत नाही, म्हणून स्वतःला कोसत बसू नको. पण तो टीव्हीसमोर असतो तितका वेळ माणसांबरोबर नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाहून जास्त स्क्रीन नको, कमी तितकं बरं. बापाचा व्हिडिओ कॉल मी ह्यात धरत नाही.

तारखेची वाट बघताना घरी एक गोष्ट सुरू कर. थेरपीत काहीतरी मशीन लावतात असं लोकांना वाटतं. खरं तर बाई सतरंजीवर बसून मुलाशी खेळते आणि आईला खेळायला शिकवते. आठवड्यातला त्यांचा एखादा तास, बाकीचा सगळा वेळ तुझाच. त्याला झाकणं आवडतात ना? मग त्याची आवडती बिस्किटं आरपार दिसणाऱ्या बरणीत भर, झाकण घट्ट लाव, बरणी त्याच्यासमोर ठेव. आणि गप्प बस. मनात दहापर्यंत मोज. हे गप्प बसणंच सगळ्यात कठीण, आपल्याला लगेच उघडून द्यायची सवय. तो तुझा हात ओढेल, बरणी तुझ्याकडे ढकलेल, निदान एकदा तुझ्या तोंडाकडे बघेल. बघितलं रे बघितलं की "उघड!" एवढा एकच शब्द, आणि उघडून एक तुकडा दे. झाकण परत लाव. सकाळची पेज भरवताना हेच, अंघोळीच्या तांब्याशी हेच. "म्हण उघड, म्हण ना" असं मागे लागू नको. शब्द नंतर येईल, आधी त्याला कळू दे की माणसाकडे बघितलं की काहीतरी घडतं.

आता सासूबाई. त्यांच्याशी भांडण जिंकायला जाऊ नको, त्यात महिना जाईल. त्या घाबरल्यात, आणि आपल्याच लेकाच्या आठवणीला धरून बसल्यात. एका दुपारी त्यांना विचार, हे दोन वर्षांचे असताना चांदोबाकडे बोट दाखवायचे का? काही सापडलं की तुम्हाला आणून दाखवायचे का? "चप्पल आण" म्हटलं की आणायचे का? बहुतेक त्या हो म्हणतील. उशिरा बोलणारी पुष्कळ मुलं शब्दांआधी बोटांनी, डोळ्यांनी भरपूर बोलत असतात. मग नातवाचं काय, हे त्यांचं त्यांनाच दिसेल. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर घालू देत, तूही हात जोड. वेखंड मात्र पोटात देऊ देऊ नको, लहान मुलांना ते बाधू शकतं. आणि इस्पितळात त्यांना बरोबर घेऊन जा. सुनेचं ऐकायचं नसतं, पण पांढऱ्या कोटातल्या बाईचं ऐकायला हरकत नसते.

नवऱ्याला परवानगी विचारू नको, कळव. "सोमवारी जाते आहे, संध्याकाळी फोन करते," एवढंच. आणि त्याला काम दे. रोज कॉलवर मुलाचं नाव घेऊन हाक मारायची, एकच छोटं गाणं म्हणायचं, रोज तेच.

शिक्क्याची भीती राहिली. मदत सुरू करायला निदानाचं नाव लागत नाही, मूल मागे पडतंय एवढं पुरतं. दिव्यांगत्वाचा दाखला ही वेगळी गोष्ट, तो आपण मागितल्याशिवाय कुणी चिकटवत नाही. पुढे लागलाच तर दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचं संरक्षण, गोवा सरकारची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, ऑटिझमसारख्या काही निदानांसाठी निरामय आरोग्य विम्याचं एक लाखापर्यंतचं कवच, अशी दारं त्याने उघडतात. त्याचा विचार आज नको. आजच विचार करायचा तो एवढाच, की कुणी स्टेम सेलची इंजेक्शनं किंवा महिन्यात बरं करण्याची हमी द्यायला लागला तर पर्स बंद कर आणि उठ.

केसपेपर काढल्यावर डॉक्टर विचारतील, काय होतंय? झाकणं, टीव्ही, सासूबाई नंतर. कंसातलं वाक्य आधी सांग.