ओबडधोबड लेखन मनाला भिडते, मग घोटीव लेखनाचे मोल काय?

आपण विचारले आहे की, निर्दोष, घोटीव भाषेतले पुस्तक मिटले की विसरते आणि व्याकरणाला न जुमानणारे एखादे ओबडधोबड लेखन मात्र आठवडेच्या आठवडे पाठ सोडत नाही, तर ही आपल्या अभिरुचीतली उणीव समजावी काय? माझ्या मते ती उणीव नाही. मात्र 'घोटीव' या एका शब्दाखाली दोन निराळी कामे येतात आणि समीक्षेतही त्यांची सरमिसळ वारंवार होते.

आमच्या कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर हा फरक डोळ्यांना दिसतो. काहिलीत रस उकळू लागला की गुळव्या त्यात रानभेंडीचे पाणी सोडतो आणि वर येणारी मळी काढत राहतो. मळी राहिली तर गुळाची चव बिघडते आणि तो टिकतही नाही. बाजारात भाव यावा म्हणून पावडर टाकून रंग उजळवणे हे मात्र वेगळे काम. त्याने गूळ पिवळाधमक दिसतो, गोडीत काडीची भर पडत नाही.

मी काही वर्षे एका दिवाळी अंकाचे मुद्रितशोधन करीत असे. पन्हाळ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या कथेत वाक्य होते : "म्हस इकली त्या दिशी बा जेवलाच न्हाई, नुस्ता दाव्याकडं बघत बसला." मी ते असे केले : "म्हैस विकली त्या दिवशी वडील दुःखाने व्याकूळ होऊन उपाशीच राहिले." वाक्य शुद्ध झाले, पण म्हैस बांधायचे ते रिकामे दावे गेले, आणि दुःख दिसण्याऐवजी नुसते सांगितले गेले. त्याच कथेत आठवडी बाजाराचे तेच ते वर्णन तीनदा आले होते; ते व्याकरणात बसत होते म्हणून मी त्याला हातही लावला नाही. मळी तशीच ठेवून मी रंग आणत बसलो, ही गोष्ट मला आजही सलते.

मूळचे कागलचे असलेले आनंद यादव यांची 'गोतावळा' (१९७१) या संदर्भात अवश्य वाचावी. निवेदनाला प्रमाणभाषा आणि संवादापुरती बोली, अशी वाटणी तीत नाही. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि जनावरे दुरावत जातात, हे सारे नारबा हा गडी आपल्याच बोलीत सांगतो. नारबाने पाहिलेले जग त्याच्याच शब्दांत सबंध कादंबरीभर पेलायचे, याला फार मोठी शिस्त लागते, म्हणून अशा भाषेला बेशिस्त म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

उलट बाजूने, कोल्हापुरात दीर्घकाळ राहिलेल्या वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) अलंकारिक आहे एवढ्यावरून तिला कृत्रिम ठरवणेही मला पटत नाही. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तिथे आपापल्या मनाची झडती घेतात. सुभाषितासारखी वाक्ये त्यांच्या तोंडी शोभतात. तीच वाक्ये नारबाच्या तोंडी घातली तर खोटी वाटतील.

तेव्हा आपली पाठ न सोडणाऱ्या पुस्तकातली चार-पाच वाक्ये प्रमाण मराठीत लिहून पाहावीत आणि त्या दाव्यासारखे काही हरवते का, ते तपासावे. काहीच हरवले नाही, तर तो ओबडधोबडपणा म्हणजे लेखकाचा आळस होता, असे खुशाल म्हणावे.