घरातली कामं स्वतः करून पैसे वाचवले, मग गाडीचा विमाही कमी करू का?

"घरातली कामं हा स्वतः करतो, त्यात पैसे वाचतात, हे मला मान्य आहे. पण आता गाडीचा विमाही कमीत कमी घ्यायचा म्हणतोय. मी नको म्हटलं की मला उधळी ठरवतो. ताई, मी उगाच घाबरतेय का?"

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे वारंवार येतो. कधी बायको विचारते, कधी नवरा, कधी नुकतीच पहिली गाडी घेतलेली मुलं. एका जोडप्याची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांच्या भांडणात या प्रश्नाचं बरंचसं उत्तर सापडतं.

दोघं चाळिशीतली, दोघंही कमावती. ती माझ्याकडे सल्ल्यासाठी आली तेव्हा गाडीच्या पॉलिसीची मुदत आठवड्याभरात संपत होती आणि घरात अबोला होता. त्याला फक्त थर्ड पार्टी विमा हवा होता, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल तेवढ्याचाच. तिला विमावाल्याने सुचवलेली प्रत्येक जोड, म्हणजे जादा हप्ता भरून मूळ विम्याला जोडायचं संरक्षण, हवी होती.

मी त्याला घरकामाचा हिशेब आणायला सांगितलं होतं. त्याने वही आणली. प्रत्येक पानावर हार्डवेअरच्या दुकानाचं बिल टाचलेलं, शेजारी काम लिहिलेलं आणि शेवटच्या रकान्यात 'मजुरी वाचली' म्हणून आकडा. कपाटाच्या बिजागऱ्या, नळाचे वायसर, दोन खोल्यांचा रंग, पडद्यांचे रॉड, बाथरूमच्या फरशा. अक्षर इतकं नेटकं की त्या वहीवर त्याचं किती प्रेम आहे ते दिसत होतं. मी ती सावकाश, पान न् पान वाचली. असं वाचणं गरजेचं असतं. समोरच्याच्या कष्टाची आधी नीट दखल घेतली नाही, तर पुढचं काहीही त्याच्या कानात शिरत नाही.

मग मी विचारलं, "यातली कोणती कामं पुन्हा करावी लागली?"

तो गप्प झाला. उत्तर तिने दिलं, पण आवाज चढवला नाही. बाथरूमच्या पलीकडच्या खोलीची भिंत फुगली होती. रंगाचे पापुद्रे सुटले. त्याने ते खरवडून पुन्हा रंग दिला आणि वर्षाच्या आत पुन्हा तेच झालं. जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवताना खालचं वॉटरप्रूफिंग तपासलंच नव्हतं. पाणी फटीतून आत जात होतं आणि भिंतीतून बाहेर पडत होतं. दुसऱ्यांदा आणलेला रंग, अर्धवट वाळून गेलेले डबे, एकदाच वापरलेलं टाइल कटर यांचा वहीत रकानाच नव्हता.

इथे त्याची बाजू घ्यायला हवी, कारण रंगाचं काम त्याने सुंदर केलं होतं. रंगकामात मजुरीचा मोठा वाटा घासण्यात, खरवडण्यात, लांबी भरण्यात आणि पॉलिश पेपर मारण्यात जातो. ते काम वेळखाऊ असतं, पण त्यातली चूक पुन्हा घासून सुधारता येते. ज्याच्याकडे सुटीचे दिवस आहेत त्याने ते जरूर स्वतः करावं. भिंतीत ओल आहे का, एवढं मात्र आधी पाहावं. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा भिंतीवर ठेवायचा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या आणि एक दिवस तसाच राहू द्यायचा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. अशा भिंतीवर कितीही महागडा रंग टिकत नाही, आधी गळती शोधावी लागते. सिमेंटचं नवं प्लास्टर असेल तर साधारण 28 दिवस थांबून मग प्रायमर. हे सांगत असताना तो भराभर वहीत टिपून घेत होता. या माणसाला शिकायचं आहे, ते तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

आता मूळ मुद्दा. मी दोघांना एक कागद दिला आणि घरातलं प्रत्येक काम एकाच प्रश्नावर तोलायला सांगितलं: हे चुकलं तर काय होईल, आणि ते आपल्याला पेलेल का? काम अवघड आहे की सोपं, हा विचार मुद्दाम बाजूला ठेवला.

पडद्याचा रॉड वाकडा लागला तर भोक बुजवून दुसरं पाडायचं. नळाचा वायसर चुकला तर नळ थेंब थेंब गळेल, पुन्हा काढायचा. फरशांमधलं ग्राउट, म्हणजे फटी भरायचं मिश्रण, दाराची घासणारी कड, भिंतीवरच्या फळ्या, सगळं पेलण्यासारखं. मग कागदाची दुसरी बाजू आली. त्याने हीटरसाठी स्वतःच नवा पॉइंट काढला होता, दिव्यांसाठी आणलेल्या वायरचा उरलेला तुकडा वापरून. 2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपियर करंट ओढतो. दिव्याची बारीक वायर त्यासाठी बनलेलीच नसते, ती भिंतीच्या आत तापत राहते. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून वाटतं की काम जमलं. घरात विजेची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी होता का, तर नव्हता. 30 मिलिअँपियर गळतीला वीज तोडणारं ते उपकरण माणसाचा जीव वाचवण्यासाठीच असतं. तापलेल्या वायरीवर मात्र त्याचा इलाज नाही. त्यासाठी योग्य जाडीची वायर आणि तिला साजेसा एमसीबीच, म्हणजे जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विचच, लागतो.

हे ऐकताना ती रडली. "मला हेच म्हणायचं होतं, पण मला यातलं कळत नाही म्हणून मी गप्प बसत होते."

भिंतीच्या आतली वीज, गॅसची जोडणी, भार पेलणारी भिंत फोडणं, बाथरूमखालचं वॉटरप्रूफिंग आणि उंचावरची कामं जाणकारालाच द्यायची, असं ठरलं. त्यातही बचतीला जागा राहते, आणि खरी बचत मला इथेच दिसते. माप आपण घ्यायचं, सामान आपण आणायचं, जुनं काढून जागा मोकळी करायची. गवंडी किंवा इलेक्ट्रिशियन येईल तो फक्त कौशल्याच्या कामापुरता. चार किरकोळ कामं साठवून एकाच फेरीत करून घ्यायची. वर्षातून एकदा लागणारं यंत्र भाड्याने आणायचं.

एवढं झाल्यावर मी पॉलिसीचा कागद त्याच शेजारी ठेवला आणि तोच प्रश्न विचारला. कोणतं नुकसान आपल्या पगारातून, साठवणीतून भरून निघेल?

बंपरचा ओरखडा? निघेल. आरसा तुटला? निघेल. गाडी चोरीला गेली आणि कर्जाचे हप्ते अजून बाकी असतील तर? तो म्हणाला, "दोन वर्षं मागे जाऊ." आपल्या गाडीखाली कुणी जखमी झालं, आयुष्यभर अंथरुणाला खिळलं तर? यावर दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

विम्याचा क्रम इथेच ठरतो. दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई सगळ्यात आधी, आणि तिथे कंजूषी नको. ती रक्कम किती होईल हे आपल्या हातात नसतं. कायद्याने सांगितलेली किमान मर्यादा ठिकाणागणिक वेगळी असते आणि मर्यादा लागू असेल तिथे तिच्या वरचं आपल्याच खिशातून जातं. म्हणून मर्यादा वाढवून मिळत असेल तर तिच्यासाठी जास्त हप्ता भरायला मी कायम सांगते. थर्ड पार्टीमध्ये आपली स्वतःची गाडी येत नाही आणि चालवणाऱ्याची स्वतःची इजाही सहसा येत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या डोक्यात 'विमा आहे' एवढंच होतं.

मग स्वतःच्या गाडीचं नुकसान. गाडी जुनी असेल, कर्ज फिटलेलं असेल आणि उद्या ती गेली तरी साठवणीतून दुसरी घेता येत असेल, तर फक्त थर्ड पार्टी घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. त्याचं म्हणणं मुळातच चुकीचं नव्हतं. पण यांच्या गाडीचं कर्ज चालू होतं आणि साठवण तीन महिन्यांच्या खर्चाइतकीही नव्हती.

त्याच्यासाठी बचतीचा दुसरा रस्ता होता: डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः सोसायची रक्कम. ती वाढवली की हप्ता उतरतो. हिशेब सोपा आहे. समजा डिडक्टिबल 4 भागांनी वाढलं आणि वर्षाचा हप्ता 1 भागाने कमी झाला, तर 4 वर्षांत एकच क्लेम आला तर बरोबरी होते. त्याहून कमी वेळा क्लेम येत असेल तर आपला फायदा. किरकोळ क्लेम न केल्याने पुढच्या हप्त्यात सूट मिळत असेल तर ती वेगळी. फक्त ती 4 भागांची रक्कम बँकेत खरोखर बाजूला काढलेली हवी.

गेल्या वर्षी त्याने आणखी एका मार्गाने हप्ता कमी केला होता. पॉलिसीत गाडीची किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी दाखवली होती. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली तर हाच आकडा भरपाईचा आधार होतो, आणि कर्ज असेल तर त्यातून आधी बँकेचं देणं फिटतं. हाती काही उरेलच असं नाही.

तिच्या यादीवरही मी तितकीच कात्री चालवली. किल्ली हरवल्याची जोड, गाडीतल्या सामानाची जोड: दोन्ही नुकसानं पेलण्यासारखी, म्हणून गेली. घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, न कापण्याची जोड ठेवली. गाडी फार जुनी नव्हती, आणि प्लास्टिक-रबराचे भाग बदलताना घसाऱ्यापोटी बरीच रक्कम कापली जाते. इंजिन संरक्षणही ठेवलं, कारण त्यांच्या पार्किंगमध्ये पाणी साचतं. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला तर वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बऱ्याच मूळ पॉलिसी ते नुकसान देत नाहीत. ही जोड असली तरी बुडालेली गाडी सुरू करून पाहायची नाही, टो करून न्यायची.

निघता निघता तो म्हणाला, "गाडीला जादा दिवे मीच लावलेत. हेडलाइटच्या वायरीतूनच जोड घेतली आहे." विमा कंपनीला कळवलं होतं का? नाही. कळवलं तर हप्ता वाढेल, ही धास्ती. त्याला मी स्पष्ट सांगितलं: न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्याला, दिसला, आणि आग त्याच वायरीतून लागलेली निघाली, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो आणि एवढी वर्षं भरलेल्या हप्त्यांचा उपयोग होणार नाही. खासगी म्हणून नोंदलेली गाडी धंद्यासाठी वापरणाऱ्यांनाही मी हेच सांगते.

तो रागावेल असं वाटलं होतं. तो जे बोलला ते मात्र वेगळंच होतं. काही वर्षांपूर्वी नोकरी गेली होती. त्या काळात घरातलं जे मोडेल ते त्याने स्वतः दुरुस्त केलं. "तेव्हा मी घरासाठी तेवढंच करू शकत होतो." म्हणून बायको 'मिस्त्री बोलाव' म्हणाली की त्याला ऐकू यायचं, 'तुला जमत नाही.' तिला हे कधी कळलंच नव्हतं. तिच्या माहेरी एका अपघाताने घर कर्जात बुडालं होतं, हे त्याला माहीत होतं. पण विम्याच्या भांडणात त्याने त्याचा संबंध लावला नव्हता. पैशाच्या बहुतेक भांडणांखाली अशी जुनी भीती असते. ती बोलली गेली की आकड्यांवर बोलणं सोपं होतं. म्हणून मी आकडे मांडून झाल्यावरही घाईने सत्र संपवत नाही.

शेवटी ठरलं ते असं. थर्ड पार्टीची मर्यादा मिळेल तितकी वरची, स्वतःच्या नुकसानीचा विमा चालू, गाडीची किंमत खरी, डिडक्टिबल वाढवलेलं. हप्त्यात वाचलेले पैसे आणि वहीतल्या 'मजुरी वाचली' रकान्यातला दर महिन्याचा आकडा एका वेगळ्या खात्यात, डिडक्टिबलची रक्कम पूर्ण जमेपर्यंत. जादा दिवे त्याने इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र फ्यूजवर घेतले, कंपनीला लेखी कळवलं आणि आलेलं उत्तर पॉलिसीबरोबर फाइल केलं. हीटरची वायर त्याच आठवड्यात बदलली.

बाथरूमवरून मात्र ते अजून वाद घालतात. फरशा तो स्वतःच बसवणार आहे. मी एवढंच कबूल करून घेतलं की वॉटरप्रूफिंग जाणकार गवंड्याकडून होईल आणि त्यावर 24 तास पाणी भरून ठेवून, खालची आणि पलीकडची भिंत कोरडी राहिल्याचं दोघांनी पाहिल्यावरच पहिली फरशी लागेल.