मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरने लाकडावर नक्षी जाळावी का?

तुम्ही विचारलंय की जुन्या मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेच्या फांद्यांसारखी नक्षी जाळायची आहे; रबरी हातमोजे आहेत, घरात आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे, मग हरकत काय?

नका करू. आरसीसीबी इथे कामाचा नाही. तो फेज आणि न्यूट्रलमधला प्रवाहाचा फरक मोजतो, साधारण 30 मिलिअँपिअरला पडतो. पण ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह तुमच्या अंगातून फिरून त्याच वेटोळ्यात परत जातो. आरसीसीबीच्या दृष्टीने नुसतं एक यंत्र चालू आहे, बस. प्रवाह फार वाढला की पडणाऱ्या एमसीबीचंही तेच.

आणि हा प्रवाह साधासुधा नाही. सुमारे 2,000 व्होल्ट, वर शेकडो मिलिअँपिअर द्यायची ताकद. हृदयाची लय बिघडायला 100 मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह पुरतो. भांडी घासायचे मोजे या व्होल्टेजसाठी बनवलेलेच नसतात, त्यात लाकूड, टेबल, हात सगळं ओलं, कारण वीज वाहावी म्हणून लाकडाला खारट पाणी लावतात. व्हिडिओत हे कोणी दाखवत नाही! अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या लेथवर लाकूड घडवणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत या प्रकारावर सरळ बंदी घातली आहे, आणि ती माणसं रोज धारदार हत्यारांशी खेळणारी.

मायक्रोवेव्ह उघडूही नका. प्लग काढल्यावरही आतल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

जळकी नक्षीच हवी असेल तर पायरोग्राफी पेन, म्हणजे तापलेल्या टोकाने लाकडावर रेघ जाळणारं पेन, घ्या. विजेच्या फांद्या हाताने काढाव्या लागतील, वेळ जाईल, पण रेघ हवी तिथेच उमटते.